न गळणारा झगा

"वेशभूषा ज्याची त्याने आणायची," औषधवाल्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत जाहीर केलं. "आणि राणीला कड्यांचाच झगा हवा. आत गोल कड्या, बाहेर हा एवढा घेर! त्याशिवाय तो जुना काळ उभा राहत नाही."

एरवी ते रुग्णालयात गोळ्या मोजून देत आणि वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांचं नाटक बसवत. त्यात दासीचं काम ठरलेलं, केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईचं. तिला सगळे खिडकीबाई म्हणत. नऊ वर्षांत नऊ नाटकं झाली आणि वाक्य एकच, "महाराज, पाहुणे आलेत." यंदा मात्र तिने राणीचा उतारा असा काही वाचला की मंडळींनी एकमुखाने तिलाच राणी ठरवलं. औषधवाल्यांची पंचाईत झाली, कारण राणी त्यांनी मेहुणीसाठी राखून ठेवली होती आणि मेहुणीकडे वेताच्या कड्यांचा झगासुद्धा तयार होता.

"नाहीच जमला झगा तर वाईट वाटून घेऊ नका," ते गोड आवाजात म्हणाले. "दासीचं काम आहेच की तुमचं."

खिडकीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "झगा येणार," ती म्हणाली. "आणि त्यात मीच असणार."

बोलून बसली खरी. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याने एका दिवसाचा आकडा सांगितला, तेव्हा तिला वाटलं हा झगा विकतोय. "विकत नाही हो, भाडंच," तो म्हणाला, "अनामत वेगळी." जुन्या बाजारात एक सांगाडा स्वस्तात मिळाला, पण तो मच्छरदाणीचा निघाला. शिंप्याने कापड शिवून द्यायचं कबूल केलं आणि कड्या म्हटल्यावर हात वर केले.

शेवटी नवराच म्हणाला, "गोल कड्याच हव्यात ना? मग मी काय मेलोय?"

नवरा प्लंबर. वीस वर्षांत आपला एकही जोड गळला नाही, हे तो आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगत असे. रविवारी त्याने बारीक पाइप वाकवून लहानमोठ्या पाच कड्या केल्या, टोकं सोल्युशनने चिकटवली आणि पट्ट्यांनी एकाखाली एक टांगल्या. खिडकीबाईला नवऱ्याचा इतका अभिमान लग्नातही वाटला नव्हता. तिने सांगाडा उचलला, तर आत गुळगुळ आवाज झाला.

"हे काय?"

"पाणी."

"झग्यात पाणी?"

"जोड तपासायला नको? प्रत्येक कडी अर्धी भरून बंद केली. बघ, थेंब गळत नाही!"

"अहो, झगा गळो नाहीतर न गळो, माझं काय अडलंय? काढा ते पाणी!"

"काढू कसं? सगळीकडून बंद आहे. भोक पाडावं लागेल." नवऱ्याचा चेहरा पडला. "माझ्या कामाला मीच भोक पाडू?"

दुसरा पाइप आणायला हातात काही उरलं नव्हतं. मग खिडकीबाई पाण्यासकट तालीम करू लागली. ती चालली की झगा मागून यायचा आणि ती थांबली की तो पुढे जायचा. पहिल्या दिवशी दोन कपबशा आणि पाण्याचा माठ कामी आले. सासूबाई पाय वर घेऊन पलंगावर बसायला शिकल्या. पण महिन्याभरात झगा असा काही डुलू लागला की मंडळी तालीम सोडून बघत बसायची.

मेहुणी चडफडत दासी झाली, पण वेशभूषा ज्याची त्याने आणायची ना? तिने दासीच्या कामालाही आपला वेताचा झगा चढवला. "काही झालंच तर मी आहे," असं ती विंगेत ज्याला त्याला सांगत होती.

झालंच! तिसऱ्या अंकात शत्रू वेशीवर आला आणि प्रधानाने राणीला पळून जायची विनवणी केली. "हे सिंहासन मी सोडणार नाही!" म्हणत खिडकीबाई ताडकन उठली, पण सिंहासनच तिला सोडेना. खालच्या कडीत खिळा अडकला होता. तिने हिसका दिला. फस्‌ आवाज झाला आणि राणीच्या पायाशी तळं पसरू लागलं.

सभागृहात हशा उसळला. तिसऱ्या रांगेतून नवरा उभा राहून ओरडला, "जोड नाही गळला! पाइपला खिळा लागलाय!" त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले.

औषधवाल्यांनी संधी साधून मेहुणीला रंगमंचावर ढकललं. ती राणीचं वाक्य म्हणत धावत आली, पाण्यावरून घसरली आणि बदकन बसली. झगा उलट्या छत्रीसारखा डोक्यावर आला आणि वेताच्या कड्या कडाकड मोडल्या.

खिडकीबाईचे डोळे भरून आले. नऊ वर्षं थांबून हे असं? मग तिला राग आला. नाटकातला नव्हे, रोज सकाळी दोनशे माणसं एकदम खिडकीवर तुटून पडली की येतो तो.

"गप्प! एकेक जण! रांगेत!"

सभागृह चिडीचूप झालं. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या खिडकीसमोर उभा राहिलेला होता. मागचे काही तर सवयीने एकामागे एक उभेही राहिले.

"दासी," राणी शांतपणे म्हणाली, "आधी फरशी पूस. आणि प्रधानजी, शत्रूला सांगा. झगा फाटला तरी चालेल, सिंहासन मी सोडणार नाही."

टाळ्या थांबेनात. मेहुणीने मुकाट्याने फरशी पुसली.

पुढच्या वर्षी औषधवाले केसपेपरच्या खिडकीशी येऊन घुटमळू लागले. "बाई, यंदा राणी मेहुणी करतेय. तिच्या कड्या तर मोडल्या, आणि लोकांना तुमच्यासारखाच डुलणारा झगा हवाय. तेवढा द्याल का?"

खिडकीबाईने एका कागदावर शिक्का हाणला.

"वेशभूषा ज्याची त्याने आणायची," ती म्हणाली. "चला, पुढचा!"