प्रकारबदलाचा अर्ज

प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या कलाने शिकवावे, असा आदेश आमच्या शाळेत आला तेव्हा तसं शिकवणारी शाळेत एकच व्यक्ती होती. आदेशाची अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत तीही उरली नाही. मी शाळेचा लेखनिक. आवक-जावक माझ्याकडे असल्यामुळे या प्रकरणातला एकूण एक कागद माझ्या हातून गेला आहे आणि प्रत्येकावर माझा शिक्का आहे. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

ती व्यक्ती म्हणजे चौथीच्या बाई. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, जिला सगळे रेडिओ म्हणत. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. पहिली ते तिसरी तिने पुस्तक समोर धरून धडे धडाधड म्हणून दाखवले आणि तीन शिक्षकांनी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन उत्तम’ असं लिहिलं. चौथीत बाई तिच्या बाकाजवळून जात होत्या. रेडिओ पाचवा धडा वाचत होती आणि पुस्तक नवव्या धड्यावर उघडलेलं होतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “अक्षरं एका जागी थांबत नाहीत, बाई. भ बघितला की म होतो आणि घ चा ध.” दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून एक ताट आणलं, त्यात वाळू पसरली आणि रोज थोडा वेळ तिला बोटाने अक्षरं गिरवायला लावली. अक्षर मोठ्याने म्हणायचं, बोटाने काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. तीन महिन्यांत रेडिओ तीन अक्षरांचे शब्द वाचू लागली. तेवढ्यात आदेश आला.

पहिलं पान वाचून बाईंना खरंच आनंद झाला. “भाऊसाहेब,” त्या मला म्हणाल्या, “एवढी वर्षं मी हेच तर सांगत होते.” उरलेली एकसष्ट पानं त्यांनी तेव्हा वाचली नव्हती.

आधी प्रशिक्षण झालं. प्रत्येक जण वेगवेगळ्या पद्धतीने शिकतो, हे एका तज्ज्ञांनी दोनशे शिक्षकांना एकाच सभागृहात सलग सहा तास पडद्यावरून वाचून दाखवलं. आमचे खेळाचे सर पाठ अवघडली म्हणून मध्येच उभे राहिले. त्यांची नोंद ‘चलनप्रधान’, म्हणजे हालचालीतून शिकणारे, अशी झाली आणि ती अद्याप त्यांच्या सेवापुस्तकात आहे.

मग मुलांचं वर्गीकरण. प्रकार चार होते: दृश्यप्रधान, श्रवणप्रधान, स्पर्शप्रधान आणि चलनप्रधान. पाचवा, वाचन-लेखनप्रधान, शुद्धिपत्रकाने नंतर वाढवण्यात आला. प्रत्येक मुलाने चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली स्वतः वाचून भरायची होती. बाईंनी विचारलं, ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्न वाचून दाखवले तर चालेल का? उत्तर आलं की नाही, त्यामुळे विद्यार्थ्याच्या नैसर्गिक कलावर बाह्य प्रभाव पडेल.

रेडिओने प्रश्नावली सर्वांच्या आधी भरून दिली. ओळ संपते तिथे तिने एकेक सुबक खूण केली होती. ओळ जिथे संपत होती, तिथला पर्याय वाचन-लेखनाचा होता. चाळीसपैकी चाळीस. संपूर्ण विभागात एवढी निखळ वाचनप्रधान मुलगी दुसरी सापडली नाही, असं अभिनंदनाचं पत्र मुख्याध्यापकांना आलं. ते मी आवक नोंदवहीत चढवलं.

आता वर्गात पाच रंगांच्या फिती आल्या. दृश्यप्रधान मुलं एका कोपऱ्यात. त्यांच्याशी बोलायची मनाई होती. त्यांच्यातल्या एकाला पाणी प्यायला जायचं होतं, तर त्याला ते चित्र काढून विचारावं लागलं. बाईंनी चित्र बघून होकार दिला, पण तोंडी दिला म्हणून त्यांना ताकीद मिळाली. वनस्पतीचं मूळ शिकवताना श्रवणप्रधान मुलांनी ते ऐकलं, स्पर्शप्रधानांनी चाचपलं आणि चलनप्रधान मुलं मूळ होऊन बाकांखालून सरपटली. स्पर्शप्रधानांना माती मळायला मिळते हे कळल्यावर मुलांनी आपापसात फिती बदलल्या. लगेच परिपत्रक निघालं की कल हा जन्मजात असून तो मधल्या सुट्टीत बदलता येणार नाही.

रेडिओची फीत पांढरी होती. तिच्या कोपऱ्यात फक्त पुस्तकं होती. वाळूचं ताट स्पर्शप्रधान साहित्यात जमा झालं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

आठवड्याभराने तिची आई माझ्या खिडकीशी उभी राहिली. ती इस्त्रीच्या दुकानात काम करायची. बोटांवर भाजल्याचे डाग होते.

“भाऊसाहेब, आमची पोर घरी गप्प बसते हो. बोलतच नाही. रेडिओ म्हणतात ना तिला? बंद पडलाय.”

“ती विभागात पहिली आली आहे,” मी सांगितलं.

“कशात?”

“वाचनात.”

आई म्हणाली, “तिला वाचता येत नाही, म्हणून तर मी आलेय.”

मी नियम काढून दाखवला. प्रकार बदलून हवा असल्यास नमुना क्रमांक सात. अर्ज विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या अक्षरात, किमान दहा ओळींचा लिहावा. पालकांनी किंवा शिक्षकांनी लिहिलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या माझ्या खुर्चीसमोर येऊन बसल्या. “म्हणजे वाचता येत नाही हे तिने लिहून द्यायचं.”

“सुवाच्य अक्षरात,” मी म्हणालो.

“द्या तो नमुना.”

ताट कपाटात बंद होतं. पण मैदानाच्या टोकाला लांब उडीचा खड्डा होता आणि त्यातली वाळू खेळाच्या साहित्यात मोडत होती. रोज मधल्या सुट्टीत बाई आणि रेडिओ त्या खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसत. माझ्या खिडकीतून ते दिसायचं. मुलगी आधी अक्षर मोठ्याने म्हणायची, मग अख्खा हात फिरवून हातभर लांबीचं अक्षर काढायची. खेळाचे सर त्या वेळात मुलांना दुसऱ्या बाजूला पळवायचे आणि इकडे पाठ करून उभे राहायचे. मीही बघत होतो. मी तक्रार केली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

सात आठवडे गेले. एके दिवशी रेडिओ स्वतः खिडकीशी आली आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला. दहा ओळी होत्या:

“मला वाचता येत नाही. पुस्तकात बघितलं की अक्षरं हलतात. मी ऐकलं की मला येतं. बोटाने काढलं की मला येतं. बाईंनी वाळूत शिकवलं तेव्हा येत होतं. आता पांढरी फीत आहे म्हणून वाळू नाही. माझी पांढरी फीत काढा. मला कोणतीही दुसरी फीत चालेल. हे लिहायला मला फार दिवस लागले. बाईंना मला शिकवू द्या.”

एका ठिकाणी भ खोडून म काढला होता. मी पोच दिली. पोच तिने माझ्यासमोर वाचली, बोट ठेवून, एकेक शब्द. ‘आवक’ वाचून तिने मान वर केली आणि हसली.

अर्ज तपासणाऱ्या समितीत तिघे होते. त्यांनी अर्ज फिरवून फिरवून वाचला आणि निर्णय दिला: ‘ज्या विद्यार्थिनीला वाचता येत नाही तिने असा अर्ज लिहिणे शक्य नाही. अर्जातील विधान अर्जानेच खोटे ठरत असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे. तथापि अर्ज उत्कृष्ट असल्याने तो वाचन-लेखनप्रधान गटाच्या यशाचा नमुना म्हणून सर्व शाळांना पाठवावा.’ तो पाठवण्यात आला. प्रती मीच काढल्या.

अर्जातल्या वाळूच्या उल्लेखावरून चौकशी होऊन बाईंना वेगळं पत्र आलं. अमान्य वेळेत, अमान्य जागी, अमान्य साधनाने एका विद्यार्थिनीस शिकवल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी एका ओळीत खुलासा केला: “होय, शिकवलं.” त्यांची बदली प्रश्नावली छाननी कक्षात झाली. तिथे त्या दिवसभर खुणा मोजतात. एवढा अनुभवी माणूस तिथे मिळाल्याबद्दल कक्षाने समाधान कळवलं आहे. लांब उडीच्या खड्ड्यावर आता झाकण आहे.

निर्णय विद्यार्थ्याला वाचून दाखवावा असा नियम आहे, म्हणून रेडिओला मी बोलावलं. ती उभी राहून शेवटपर्यंत नीट ऐकत होती.

“म्हणजे मी चांगलं लिहिलं म्हणून नाही म्हणाले?” तिने विचारलं.

“असं म्हणता येईल.”

“मग वाईट लिहिलं असतं तर?”

“तर सुवाच्य नाही म्हणून परत आला असता.”

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. “तुम्ही मला बघत होतात ना खिडकीतून? तुम्ही सांगा त्यांना.”

माझ्याकडे त्यासाठी नमुना नव्हता. तसं मी तिला सांगितलं. ती गेली. पुढच्या वर्षी ती पाचवीत गेली आणि तिच्या प्रगतिपुस्तकात, नव्या शिक्षकांच्या अक्षरात, ‘वाचन उत्तम’ असं लिहिलेलं आहे.

पालकसभेला त्या वर्षी विक्रमी गर्दी झाली. प्रत्येकाला आपल्या मुलाचा प्रकार जाणून घ्यायचा होता. प्रमाणपत्रं घेताना लोक एकमेकांना विचारत होते, तुमचा कोणता, आमचा दृश्य, तरीच मला वाटलंच होतं. ओळीच्या शेवटी रेडिओची आई उभी होती. तिने माईक मागून घेतला आणि सभेला एवढंच विचारलं, “यातल्या कोणाच्या मुलाला वाचता येतं, ते तुम्ही घरी बघितलंय का?” तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, प्रमाणपत्रावर नाव चुकलंय, दुरुस्ती कुठे होईल, आणि सगळी ओळ माझ्या टेबलाकडे वळली.

तेव्हापासून मला रोज फोन येतात. मुलांचा प्रकार विचारतात, स्वतःचाही विचारतात. रेडिओ पुढे वाचायला शिकली का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि तुम्ही एवढं शेवटपर्यंत वाचलंत, पण खरं सांगा, मघापासून मनातल्या मनात तुम्हीसुद्धा आपला प्रकारच ठरवत होतात ना? लाजू नका. नमुने माझ्याकडे भरपूर आहेत.