मागं बघायचं न्हाई!

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवतेय. बावीस सहली नेल्या, एक पोरगं हरवलं नाही! म्हणून जेव्हा घरच्यांचा बेत ठरला, की पैठणहून लाँचनं गोदावरीतून यायचं, प्रवरासंगमला उतरायचं आणि उरलेला दिवस जीपनं देवदर्शन करत नगर गाठायचं, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "गाईड कशाला हवाय? मी आहे ना!"

नवऱ्याला रजा नव्हती. निघताना म्हणाला, "सुकन्या, बाकी काही कर, पण आईला जप. शुगरची गोळी चुकवू नको. तिच्याकडं मोबाईलसुद्धा नाही."

"मी काय नवखी आहे का?" असं म्हणून मी गोळ्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये टाकलं.

सासूबाईंचं नाव लंकाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. लाँचमध्ये त्या सगळ्यात पुढं जाऊन बसल्या आणि तीन तास वारा खाल्ला. प्रवरासंगमच्या घाटावर उतरल्या तेव्हा घसा असा बसला होता की बोलल्या तरी खरवडल्यासारखं ऐकू येई. घाटावरच मी सगळ्यांना नंबर दिले. नणंद सविताताई एक, त्यांचे मिस्टर सूर्यभान दाजी दोन, सासूबाई तीन. गाडी सुटायच्या आधी हजेरी! ड्रायव्हर आवेज हसला, पण त्याचं मी मनावर घेतलं नाही.

नेवाशाला मी इतकी माहिती सांगितली की दाजी उभ्याउभ्या पेंगले. तिथून शिंगणापूर. देवळाच्या दारातच सासूबाईंनी आम्हाला थांबवलं.

"दर्शन झालं की मागं वळून बघायचं न्हाई. घराचा उंबरा वलांडस्तवर न्हाई! आमच्या चुलतसासऱ्यानं बघितलं हुतं. पाठ सुटली न्हाई त्याची, मरस्तवर!"

मी लगेच मान डोलावली. मी विज्ञान शिकवते, पण ते शाळेत!

दर्शन झालं, तेल वाहिलं. मी पुढं, बाकीचे मागं, माना ताठ करून आम्ही जीपपाशी आलो. मधल्या सीटवर ताई आणि दाजी. सासूबाईंना पाय पसरायला लागतात म्हणून मागचं बाकडं त्यांचं. मागचं दार धाडकन लागलं.

"एक!" मी समोरच्या काचेकडं बघत ओरडले.

"हाय!" सविताताई.

"दोन!"

"हाय!" दाजी.

"तीन!"

"हाय!" मागून खरवडता आवाज.

आवेज म्हणाला, "मॅडम, आरशात बघून घेऊ का एकदा?"

"खबरदार! आरशातलं मागंसुद्धा मागंच!"

त्यानं मुकाट्यानं आरसा छताकडं फिरवला. म्हणाला, "आपलं काय नाय, पण कशाला उगाच रिस्क!"

गोळीची वेळ झाली. मी गोळी आणि पाण्याची बाटली खांद्यावरून मागं दिली, ताईंनी न बघता आणखी मागं सरकवली. मग ताई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "वहिनी, आईच्या हाताला केस आलेत गं!"

"काहीतरीच काय बोलता!"

"अगं, मनगटाला लागलं माझ्या! कडक! राठ!"

दाजींनी डोळे मिटून घेतले. कुणी मागं बघेना. तेवढ्यात पाठीमागून तो आवाज आला,

"घोडेगावच्या चौकात थांबवा. मला उतरायचंय."

ताईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी कसंबसं म्हटलं, "आई... अजून घर लांब आहे."

"आई कोन? मी बजरंग!"

दाजींनी समोर बघतच दोन्ही हात जोडले. "महाराज, चुकलं असंल तर पोटात घाला!"

आवेजनं करकचून ब्रेक मारला आणि खुशाल मागं वळून बघितलं. "मॅडम! आजी कुठंयत? हे कोण चाचा बसलेत?"

मग मात्र मी वळले. साडेसाती येवो नाहीतर आणखी काही येवो! मागच्या बाकड्यावर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा, मांडीवर माझी बाटली.

"शिटा भरून जानारी वडाप जीपच हाय न्हवं ही?" तो घाबरून म्हणाला. "दार उघडं हुतं, बसलो. तुमी शिटा मोजत हुता, मी हाय म्हनलं. गोळी मात्र झ्याक हुती बाई, घशाला बरं वाटलं!"

म्हणजे हजेरी बरोबर आणि सासू गायब! अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, मोबाईल नाही, गोळी या बाबाच्या पोटात! चक्कर येऊन कुठं पडल्या असतील तर?

"आवेज, वळव गाडी!"

"वहिनी, गाडी वळवली म्हंजे मागं वळलंच की!" दाजी.

"दाजी, तुमची सासू राहिलीय तिथं! आता गप बसा, नाहीतर तुम्हाला इथंच उतरवीन!"

बजरंगबाबाही उतरेना. "माझ्यापायीच झालं, म्या येतो हुडकायला."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन! "आईला दे जरा."

"त्यांचा... त्यांचा घसा बसलाय हो." मागून बजरंगबाबा खच्चून खोकले.

"बाप रे! किती खोकतीय ती! विक्स लाव आधी!"

मी फोन कापला आणि रडायलाच लागले. कधी भांडलो असू आम्ही, पण सकाळी लाँचमध्ये त्यांनी मला आपली शाल दिली होती. वारा मला लागू नये म्हणून! मी देवाला म्हटलं, मला कसलीही शिक्षा दे, पण त्या धडधाकट सापडू देत.

देवळाचं वाहनतळ आलं. गाडी थांबायच्या आधीच मी उडी मारली. आणि तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला.

"भाविकांनी लक्ष द्यावं! नगरच्या सुकन्याबाई हरवलेल्या आहेत. वय वर्षे बावन्न. अंगावर हिरवी साडी. स्वभाव घाबरट आहे, रस्ते समजत नाहीत. बाईंनी जिथं असतील तिथंच थांबावं, रडू नये. सासूबाई चौकशीच्या खिडकीपाशी वाट बघत आहेत!"

सगळं वाहनतळ माझ्या हिरव्या साडीकडं बघायला लागलं. "ह्याच त्या!" म्हणून दोन बायकांनी मला धरूनच खिडकीकडं नेलं. सासूबाई खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. मला बघून त्यांनी कप ठेवला आणि मला घट्ट कवटाळलं.

"सापडलीस गं बाई! मी चपला घालस्तवर कुठं गेलीस? किती शोधलं तुला! जीव नुसता वर-खाली हुत हुता!"

माईकवाल्यांनी माझ्यापुढं वही सरकवली. "बाई, हरवलेली व्यक्ती मिळाली, इथं सही करा."

मी मुकाट्यानं सही केली. खरं तर माझं वय चव्वेचाळीस आहे. पण तेवढी दुरुस्ती करा म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं.