आप्पा पृथ्वीजवळून जातात

सुनेनं एका दगडाला 'आप्पा' असं नाव दिलं, हे आप्पांना सकाळच्या चहाला कळलं आणि त्यांच्या हातातला टोस्ट कपातच बुडाला.

"दगड नाही हो आप्पा, लघुग्रह," सून म्हणाली. ती वेधशाळेत नोकरीला होती. सूर्याभोवती फिरणाऱ्या असल्या लघुग्रहांच्या कक्षा काढायच्या, हे तिचं काम. "मीच शोधलाय. रीतसर नाव मिळायला अजून अवकाश आहे, पण ऑफिसात सगळे आतापासूनच 'आप्पा' म्हणायला लागलेत."

"पण माझंच नाव का?"

"अहो, कौतुकानं दिलंय पोरीनं!" बायको म्हणाली.

आप्पांची उभी हयात कस्टम्समध्ये गेली होती. कुणी कौतुकानं काही पुढे केलं की आधी त्याचा तळ ठोकून बघायचा, हे अंगवळणी पडलेलं. निवृत्तीनंतर तपासायला सामान उरलं नव्हतं, म्हणून ते घरातली माणसं तपासत. सून ऑफिसला गेल्यावर त्यांनी मुलाला गाठलं.

"दिसायला कसा आहे रे तो?"

"बटाट्यासारखा. काळपट," मुलगा बुटाची नाडी बांधत म्हणाला. "आणि जरा तिरका फिरतो. पृथ्वीच्या फार जवळून जातो ना, म्हणून धोकादायक वर्गात टाकलाय."

"बटाटा. तिरका. धोकादायक," आप्पांनी एकेक बोट दुमडत म्हटलं. "आणि हे कौतुक?"

त्या दिवसापासून सुनेची प्रत्येक हालचाल त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. तिनं चहात साखर कमी घातली तरी संशय, जास्त घातली तर दुप्पट संशय. एकदा ती डबा घरीच विसरली. विसरली, की मुद्दाम ठेवला? छडा लावायला आप्पा स्वतःच डबा घेऊन वेधशाळेत गेले. तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून एक अनोळखी आवाज आला.

"आप्पांचं काय करायचं मग?"

"अजून थोडे दिवस नजर ठेवू," हा सुनेचा आवाज. आप्पा भिंतीला चिकटले.

"धक्का देऊन बाजूला नाही करता येणार?"

"वजन बघितलंत का त्यांचं?"

"आणि पडलेच तर?"

"समुद्रात पडले तर बरं. आपल्याला निस्तरायला नको."

आत हशा पिकला. आप्पांनी दार ढकललं आणि डबा उंचावून ते गरजले, "आप्पा पडणार नाहीत!"

"हे कोण?" सुनेच्या साहेबांनी विचारलं; मघाचा अनोळखी आवाज त्यांचाच होता.

"हे... मूळचे आप्पा," सून कशीबशी म्हणाली. सासऱ्यांचं नाव म्हणून ती त्या दगडालाही अहोजाहो करायची, हा उलगडा तेव्हा झाला.

साहेब सज्जन होते. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली आणि पडद्यावर कक्षा दाखवली. आप्पांनी कसून चौकशी केली. आला कुठून, चाललाय कुठं, वाटेत कुणाला भेटणार. हा दगड एखादं शहर भुईसपाट करू शकेल, हे ऐकल्यावर मात्र त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

पुढे गल्लीत ते वेगळ्याच चालीनं चालू लागले. "मी धोकादायक वर्गात आहे," असं त्यांनी न्हाव्याला सांगितलं, तेव्हा न्हाव्यानं वस्तरा जपूनच फिरवला.

असं सगळं छान चाललेलं असताना एका संध्याकाळी सून हसतच घरात शिरली. "आनंदाची बातमी! नवीन मोजमापं आली. आप्पा खूप लांबून जाणार आहेत. धोकादायक वर्गातून काढलं त्यांना."

जेवता जेवता आप्पांचा घास हातातच राहिला. "मग आता कुठल्या वर्गात?"

"निरुपद्रवी."

बायकोला हसू आवरेना. आप्पांनी एकेकाचा चेहरा निरखला. "गणित कुणी केलं?"

"मीच."

"तरीच!"

त्यांनी ताट बाजूला सारलं. सुनेला ते बघवेना. ती शेजारी येऊन बसली. "अगदीच काही नाही असं नाही, आप्पा. पुढच्या शतकात थोडी शक्यता उरतेच. लाखात एक."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

"शपथ. साहेबांना विचारा."

आप्पांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, भात मागून घेतला आणि अजून हसणाऱ्या बायकोकडे बघत म्हणाले, "तू जरा लांब सरकून बस. पुढच्या शतकाचं काही सांगता येत नाही."