उंदराची साठी

एका जंगलात, बाळांनो, जनावरांपेक्षा नियम जास्त होते. त्यातला एक फार प्रेमळ होता. प्रत्येकाने कमाईचा दहावा हिस्सा म्हातारपण निधीत भरायचा. साठ वर्षं पुरी झाली, की घरबसल्या दाणापाणी घ्यायचं. नियम सर्वांना सारखा. हत्तीला साठ, उंदरालाही साठ.

कुरतडोजी उंदीर दोन वर्षांचा झाला. उंदरांत हे वय फार झालं. दात झिजले, दाणा फुटेना. उपाशी पोटी तो निधीचे कारभारी कासवराव यांच्याकडे गेला.

"साहेब, जन्मभर भरलं. आता माझं मला द्या."

"देऊ की! वय?"

"दोन."

"मग घाई कसली? अजून अठ्ठावन्न वर्षं आहेत."

"अहो, मी येती दिवाळीसुद्धा बघणार नाही!"

"तुझ्या पणजोबांना मी हेच समजावलं होतं," कासवराव म्हणाले. "समंजस गृहस्थ. वाद न घालता गेले."

कुरतडोजी सिंहमहाराजांपुढे जाऊन रडला. महाराज न्यायप्रिय होते, शिवाय नुकतेच जेवले होते.

"कासवराव, उंदरांची मर्यादा दीड वर्षावर आणा."

"फक्त उंदरांची? भेदभाव होईल, महाराज!"

"खरंच की. मग सर्वांचीच आणा."

कुरतडोजी नाचत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अख्खं जंगल निवृत्त झालं. महाराजांनी सिंहासन सोडलं नाही, पण निवृत्तिवेतन सुरू केलं. कासवरावांनी तर मागच्या दीडशे वर्षांची थकबाकी मागितली.

कामाला उरली दीड वर्षाच्या आतली. हत्तीचं पिल्लू दूध पीत होतं. वाघाचा बछडा स्वतःच्या शेपटीमागे धावत होता. दाणे वेचता येत होते फक्त उंदरांच्या पोरांना. त्यांचा हिस्सा दहात एक होता, तो दहात नऊ झाला.

"आजोबा," कुरतडोजीची नात धापा टाकत म्हणाली, "हत्तीकाकांचं अजून अर्धंच पोट भरलंय. जरा हात लावता?"

"अगं, मी निवृत्त आहे!"

"म्हणूनच म्हटलं. मोकळेच आहात ना?"

कुरतडोजी उठला आणि अंधार पडेपर्यंत दाणे वेचत राहिला. मग कासवरावांनी त्याला पहिलं निवृत्तिवेतन दिलं. एक दाणा. तो काम करताना आढळल्यामुळे त्यातले दहात नऊ भाग कापून.

तात्पर्य: जन्माला यायचंच असेल, तर कासवाच्या पोटी यावं. ते जमलं नाही, तर आपला हिस्सा वेळेवर भरावा; कासवांना पुढे मोठं आयुष्य काढायचं असतं.