हवालदारांच्या कोटाची मोहीम आणि चिंचोक्यांचे रण

कृष्णामाईस साक्ष ठेवून लिहिणारा लिहितो. शके अठराशे अडुसष्ट, पौष मास, इस्लामपुराजवळील गुऱ्हाळावर जे रण माजले त्याची हकीकत येणेप्रमाणे.

राजश्री सयाजी हवालदार इटलीची लढाई मारून, गोऱ्या साहेबांपासून पत्त्यांची विद्या हस्तगत करून गावी दाखल जाहले आणि संगे एक लोकरी कोट आणिला. तो कोट पांघरून सौभाग्यवती हरणाबाईसाहेब पहाटे उसास पाणी पाजीत आणि पात्यापात्यांवरचे दव वाट बघून बघून गळून जाई, परंतु बाईंच्या अंगास पावत नसे.

ऐसा कोट हवालदार तीन पानांच्या डावात हरले. पलटणीत रिवाज ऐसा, की पाने भिकार आली तर चाल दणकून करावी, मग साहेब लोक घाबरून पाने टाकीत. परंतु गुऱ्हाळावरील गनीम विलक्षण. राजश्री गुंडा मोळीवाले पाने उचलूनच पाहत नसत, सबब त्यांस भय कशाचे ते ठाऊक नाही. आणि सांगली पेठेचे गुळाचे व्यापारी धनपालशेट ढेप फोडून पाहिल्याखेरीज कधी उठले नाहीत, ते दुसऱ्याची पाने न पाहता काय उठणार? मग हवालदारांनी दहशत घातली, आणि दोघेही चालून आले, आणि कोट गुंडाजींच्या खांद्यावर गेला.

हरलेला जिन्नस मागून घेणे फौजी शिपायास मरणाहून वाईट. इकडे बाईसाहेब पहाटे गारठून खोकू लागल्या आणि फर्मान सुटले, की कोट येईतो हवालदारांनी वैरणीत निजावे. वर मसलत दिली ती ऐसी:

"आवं, बघत न्हाई त्येला भ्या कसलं दावताय? चांगली पानं येस्तवर गप बसा. आन् आली की मूठ भरून मांडा!"

मग तह ठरला. प्रत्येकी पन्नास चिंचोके घ्यावे, आणि गुळाची काहील चुलाण्यावरून उतरेल तेव्हा ज्याची रास मोठी त्याने कोट न्यावा.

काहील चढली, रस उकळला, आणि हवालदार डावामागून डाव पाने टाकीत बसले. गुंडाजींनी टोमणा मारिला, "हवालदार, लढाईत बी आसंच बसून हुता व्हय?" तोही गिळला. दहा चिंचोके गेले आणि काकवीस तार येऊ लागली, इतक्यात हाती तीन राण्या आल्या.

आता पलटणीची विद्या कानी लागली, की चाल लहान करावी, मोठी केल्यास गनीम पळेल. मग हवालदारांनी मनी विचार केला, की हे दोघे एका चिंचोक्यासही येणार आणि चाळिसांसही येणार, तर एकच का मागावा? आणि चाळीसच्या चाळीस मांडिले.

"बघू तर द्या," म्हणून धनपालशेटींनी चाळीस मोजिले. गुंडाजींनी न पाहताच ओंजळ ओतिली.

शेटींकडे दश्शीची जोडी निघाली. गुंडाजींचे पहिले पान एक्का. दुसरेही एक्का. तिसरे काकवीने दुसऱ्यास चिकटले होते. ते ऊन पाण्याने सोडविताना हवालदारांनी सीमेपलीकडचेही सारे देव आठविले. पान सुटले, ती चौकट पंजी!

फत्ते जाहली. काहील उतरली, रास हवालदारांची ठरली, आणि कोट गुऱ्हाळावर आलेल्या बाईसाहेबांच्या खांद्यावर चढला. त्यात त्या उभ्या दिसेनाशा जाहल्या. फक्त खोकला ऐकू येई, आणि हवालदार बटणे लावीत राहिले.

तेव्हा गुंडाजी वदले, "वैनी, थंडी वाजत हुती व्हय? मंग सांगायचं न्हाई व्हय गड्यानं! तसाच दिला आसता की."

सदर बोलणे मोहिमेच्या शोभेस बाधक, सबब ते या बखरीत लिहिलेले नाही. शिक्का.