काठावरची माणसं

इथे अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या शेजारी राहणाऱ्या सबनीसकाकांना नुसतं "कसं काय काका?" विचारलं, तरी युद्धाची बातमी ऐकायला मिळते. "सूनबाईंनी सकाळी स्वयंपाकघरावर पुन्हा ताबा मिळवला. आमच्या फौजा सोफ्यापर्यंत सुखरूप पोचल्या आहेत." चेहरा इतका गंभीर, की आपल्याला हसायचीही चोरी.

तरुणपणी काका नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. कोरियाचं युद्ध त्यांच्या वाट्याला आलेलं. टेलिप्रिंटरवर इंग्रजी मजकूर यायचा आणि काका त्याचं मराठी करायचे. कुठली टेकडी पडली, कुठली परत घेतली, कुणाचं सैन्य किती मैल सरकलं, रोज तेच. "माघार म्हणायचं नाही," ते मला शिकवतात, "‘व्यूहात्मक फेररचना’ म्हणायचं." माझा प्रोजेक्ट कॅन्सल झाला तेव्हा मी मॅनेजरच्या नावानं तणतणत होतो, तर यांनी हीच फेररचना माझ्या गळ्यात मारली.

इथवर ठीक होतं. पण २००३ साली टीव्हीवर इराक युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या आणि काकांना नवंच खूळ लागलं. मॉलमध्ये, लायब्ररीत, कुठेही वयस्क कोरियन माणूस दिसला की त्याला गाठून विचारायचे, "एक्स्क्यूज मी, डिड यू क्रॉस द रिव्हर?" निम्मे लोक चिनी निघायचे. एक तर फिलिपिनो पाद्री होता. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा गाडीत मी चिडलोच. "काका, कसली नदी यार?"

काकांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "कोरियातली, सोलजवळची हान नदी. थंडीनं गोठलेली. माघार घेणारी फौज पलीकडे गेल्याची बातमी मी लावली. खाली चार ओळी होत्या, शहर सोडून निघालेली हजारो माणसं पोराबाळांसह अलीकडच्या काठावर आहेत म्हणून. ऐन वेळी दंतमंजनाची जाहिरात आली. जागा करायला मी त्या ओळी कापल्या. दुसऱ्या दिवशी मजकुरात त्यांचा उल्लेखच नाही. काय झालं रे त्या माणसांचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. पुढच्या शनिवारी मीच त्यांना आमच्या ड्रायक्लीनरकडे नेलं. दुकान सत्तरीकडे झुकलेल्या कोरियन किमबाईंचं. त्या काउंटरमागे बसून कोटाला बटण लावत होत्या. काकांनी आपला प्रश्न विचारला. बाईंनी सुई खाली ठेवली.

"यस. वुई वॉक. ऑन आइस."

"ऑल?" काकांनी विचारलं.

"ऑल, आय डोन्ट नो. माय फॅमिली सेव्हन पीपल. सेव्हन, ओके."

काकांनी चष्मा काढला. आपल्या जुन्या साहेबी इंग्रजीत त्यांनी त्या कापलेल्या ओळींची कबुली दिली, माफी मागितली. दंतमंजनाचं बाईंना काही कळलं नाही. बाकीचं कळलं. बाईंनी विचारलं, तिकडे एवढ्या लांब आमची काळजी होती कुणाला?

"होती," काका म्हणाले. "एकाला."

बाईंनी काउंटरची फळी उचलून त्यांना आत घेतलं आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.