आन्सेल्मोचा कडक उपास

बोंगाबोन गावात पीक एकच, कांद्याचं! त्यामुळे जरा बोललं की दुखावणाऱ्याला तिथे 'बालात-सिबुयास', म्हणजे कांद्याच्या सालीचा, म्हणतात. हा शब्द आला कुठून, ते आन्सेल्मोला विचारावं. कांदे वाळवता वाळवता तो ऐकवायचा, "बघा, नुसतं बोट लागलं की साल सुटली! आमची कातडी मात्र रेड्याची!"

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी फिदेल सौदीहून सुट्टीवर आला. हा फिदेल एकेकाळी आन्सेल्मोच्या बायकोच्या, म्हणजे रोसेंदाच्या, खिडकीखाली गिटार घेऊन गायचा. त्याला बघून रोसेंदा म्हणाली, "अय्या, तू अजून तस्साच दिसतोस!"

झालं! आन्सेल्मो जळून खाक! एवढ्या वर्षांत ही बया आपल्याला असं एकदा तरी म्हणाली का? त्याने भिंतीकडे तोंड केलं, अन्न सोडलं, बोलणं सोडलं. रुसलेल्याने कारण सांगायचं नाही आणि बायकोने ओळखून मनधरणी करायची, अशी तिकडची रीत. तो कान टवकारून वाट बघत पडला.

रोसेंदा भाताचं ताट घेऊन आली. "जेवायचं नाही? बोलायचंही नाही?" तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "देवा, यानं नवस केलाय!"

पवित्र आठवड्यात असले नवस घरोघरी असतात. गुरुवारी शेजाऱ्यांनी आपणहून रेडिओ बंद ठेवले. ज्या सासूने जावयाला कधी चांगलं म्हटलं नाही, ती हळूच म्हणाली, "बाबा, माझ्या गुडघ्यांसाठीही प्रार्थना कर हो."

शुक्रवारी स्वयंपाकघरातून तळलेल्या माशाचा वास आला आणि पाठोपाठ रोसेंदाचा आवाज. "घे ना फिदेल, आन्सेल्मोच्या वाटचा आहे. त्याचा उपास कडक आहे!"

"मग अजून थोडा भातही वाढ," फिदेल म्हणाला.

आन्सेल्मो ताडकन उठून दारात आला. "नवस गेला खड्ड्यात! मी रुसलोय!"

"कधीपासून?"

"बुधवारपासून!"

"अरे, मग सांगायचंस ना!"

"सांगितलं तर तो रुसवा कसला?"

रोसेंदाला इतकं हसू फुटलं की ती खालीच बसली. मनधरणी कुठली करतेय! शेवटी फिदेलच ताट घेऊन पुढे झाला आणि त्याने माशाचा घास आन्सेल्मोच्या तोंडापाशी धरला. "दादा, सोड ना राग. माझ्यासाठी एक घास?"

आन्सेल्मोने मान फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.